व्हर्नाची दोन मिनिटं

ओडेट पिकेन्स ऊबघरात पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या अंगावर पातळ जाकीट होतं, आणि व्हर्ना माकीनंच देणगीच्या ढिगात हात घालून तिला जाड कोट शोधून दिला. हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढचं ऐकून तुम्ही व्हर्नाला दुष्ट म्हणाल. दुष्ट नव्हती ती. जळत होती. दोन्हींत फरक आहे, आणि ज्याच्या हातात आयुष्यात एकच चीज आली आणि तीही कुणी तरी काढून घेतली, त्यालाच तो कळतो.

ऊबघर म्हणजे बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानात चालणारं आमचं दिवसाचं घर. रात्रनिवारा सकाळी अंधारातच सगळ्यांना बाहेर काढतो. मग संध्याकाळपर्यंत माणसानं करायचं काय? सरोवरावरून वारा सुटला की बाहेर उभ्या असलेल्याला थोड्या वेळात स्वतःचं नाक दुसऱ्या कुणाचं तरी वाटायला लागतं. ऊबघरात कॉफी मिळते, अंघोळ मिळते, कपडे धुता येतात, कुलपाचा खण मिळतो. आणि पत्ता मिळतो. पत्ता नसला की या देशात तुम्ही नोकरीचा अर्जसुद्धा भरू शकत नाही. हे सगळं नगर परिषदेच्या अनुदानावर चालतं, आणि ते अनुदान दर वर्षी हिवाळा संपता संपता परिषदेसमोर हात पसरून मागावं लागतं.

मागायला जाते ती आघाडी. म्हणजे सूप वाढणारे, रात्रनिवारावाले, फुकट दवाखानावाले आणि ऊबघर, या सगळ्यांची मिळून एक संस्था. तिची प्रमुख सिग्रिड. बाई प्रामाणिक. तिची गाडी आमच्यातल्या कुणाच्याही गाडीपेक्षा जुनी, आणि आमच्यातल्या निम्म्यांचं तर गाडी हेच घर होतं. सिग्रिडची पद्धत अशी, की सुनावणीला आकडे तिनं सांगायचे आणि काळीज हलवायचं काम आमच्यातल्या एकानं करायचं. त्या एकाला आघाडीत 'आवाज' म्हणतात. गेली कित्येक वर्षं तो आवाज व्हर्ना होती.

परिषदेत बोलायला प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात. टेबलावर दिवा असतो. हिरवा, पिवळा, मग लाल. लाल झाला की तुमची आई मरत असली तरी गप्प बसायचं. पण एक सवलत आहे. ज्याचं नाव पुकारलं तो उभा राहून म्हणू शकतो, की माझी वेळ मी अमक्याला देतो. ही सवलत व्हर्नानं शोधून काढली. तिच्या पहिल्या वर्षी तिचं बोलणं मध्येच तुटलं आणि ती इतकी चिडली, की पुढच्या वर्षी तिनं आम्हा सगळ्यांना पिवळे मफलर घालून सभागृहात आणून बसवलं आणि एकामागून एक उठवलं. "माझी वेळ व्हर्नाला." "माझी वेळ व्हर्नाला." आम्ही आमच्या आयुष्यात कुणाला काही दिलं असेल तर ते तेवढंच. आणि ती एकटी माईकपाशी उभी, आमची मिनिटं खात.

बोलायचीही छान. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला असताना तिची इमारत विकली गेली, तिला घर मिळेना, आणि ती कपडे धुण्याच्या दुकानामागे झोपायला लागली. तिथे ड्रायरची गरम हवा बाहेर फेकणारी जाळी होती. एका रात्री हिमवादळात दुकान लवकर बंद झालं. जाळी गार पडली. व्हर्नाच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. ती म्हणायची, "त्या रात्री या शहरात माझ्यासाठी जागा नव्हती," आणि थांबायची. कुठे थांबायचं, आवाज कुठे जरा फाटू द्यायचा, हे तिनं आणि सिग्रिडनं मिळून बसवलं होतं. गरिबी चारचौघांत दाखवायची तर नीट विंचरून, वेणी घालून दाखवावी लागते, नाहीतर लोक तोंड फिरवतात. बोटांपाशी आली की परिषदेचे अध्यक्ष हॉलव्हर्सनसाहेब चष्मा काढून पुसायचे. दर वर्षी पुसायचे. अनुदान मिळायचं. परतताना सिग्रिडच्या गाडीत पुढच्या सीटवर व्हर्ना बसायची आणि कुणी तिला तिथून उठवत नसे.

या वर्षी गोष्ट अवघड होती. हॉलव्हर्सननं वर्तमानपत्रात सांगून टाकलं होतं, की रात्रनिवाऱ्यात रोज रात्री खाटा रिकाम्या राहतात. याचा अर्थ या लोकांना आत यायचंच नाही. ज्यांना रात्रीचं छप्पर नको, त्यांना दिवसाचं कशाला? ऊबघर बंद करा.

खाटा रिकाम्या का राहतात हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रात्रनिवाऱ्याचं दार संध्याकाळी सातला बंद होतं. निवारा चालवणारे पास्टर लाईल यांचा नियम. सातला प्रार्थना, मग सूप, आणि दाराला कुलूप. प्यालेली माणसं आत येऊ नयेत म्हणून. झालं असं, की प्यालेली माणसं सहालाच येऊन बसायची, बाहेर राहायची ती कामावरून सुटणारी. पण हे आघाडीत कुणी बोलायचं नाही. निवारा सगळ्यांत जुना, चर्चचे देणगीदार पास्टरच्या ओळखीचे, आणि पास्टर आघाडीच्या टेबलाशी सिग्रिडच्या शेजारी बसायचा. आपली भांडी आपल्याच अंगणात कशाला आपटायची, असा सगळा मामला. त्यामुळे हॉलव्हर्सनला उत्तर म्हणून सिग्रिड 'अनेक गुंतागुंतीची कारणं' असं काहीतरी बोलायची आणि स्वतःच खाली बघायची.

एके सकाळी ती ऊबघरात आली आणि व्हर्नाला खिडकीपाशी घेऊन गेली. मी आणि डेल्बर्ट शेजारच्याच टेबलावर कॉफी पीत होतो. डेल्बर्टला एका कानानं ऐकू येत नाही, पण दुसऱ्या कानानं तो दोघांचं ऐकतो.

"व्हर्ना, या वर्षी मला वाटतंय आपण नवा आवाज आणावा," सिग्रिड म्हणाली.

"माझ्या आवाजाला काय झालं?"

"काही नाही झालं. पण त्यांनी तो ऐकलाय."

"मग परत ऐकतील. गाणी नाही ऐकत परत परत?"

"ओडेटला विचारलंय मी. तयार आहे ती."

व्हर्नानं मान वळवली. ओडेट तेव्हा पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती, व्हर्नानं दिलेला कोट घालून.

"ती कोण? काल आली इथे," व्हर्ना म्हणाली. "दक्षिणेतली पोरगी. तिला आपला हिवाळा तरी माहीत आहे का?"

"तिची गोष्ट फार विलक्षण आहे, व्हर्ना."

डेल्बर्ट माझ्या कानात म्हणाला, "म्हणजे हिची बोटं आता शिळी झाली."

तो हळू बोलला असं त्याला वाटलं. सगळ्या खोलीनं ऐकलं.

ओडेटची गोष्ट खरंच विलक्षण होती, हीच तर अडचण. ती एका हॉटेलात भांडी घासायची. तिला मधुमेह. इन्सुलिन गोठलं की वाया जातं, आणि नवं मिळायला दवाखान्याच्या किती पायऱ्या झिजवाव्या लागतात ते विचारू नका. ती बसथांब्याच्या काचेच्या खोपटात झोपायची आणि इन्सुलिनची बाटली रात्रभर काखेत धरायची. झोपेत हात सैल पडेल म्हणून झोपायचीच नाही. बसल्या बसल्या एकदा एक काख, एकदा दुसरी. हे ऐकलं की ऐकणाऱ्याचा हात आपोआप स्वतःच्या काखेकडे जातो. मी पाहिलंय. व्हर्नाचासुद्धा गेला होता, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा. त्याच क्षणी तिला कळलं असणार.

आता यावर कडी म्हणजे सिग्रिडनं ओडेटला शिकवायचं काम व्हर्नावरच टाकलं. "तुझ्याइतकं कुणाला येतंय?" म्हणाली. शाबासकीच्या कागदात गुंडाळून बाईच्या हाती तिचीच बदली दिली.

व्हर्नानं शिकवलं. नाही म्हणाली असती तर जळतेय हे सगळ्यांना दिसलं असतं, आणि तेवढा स्वाभिमान तिला होता. रोज दुपारी ऊबघराच्या मागच्या खोलीत, ड्रायर घरघरत असताना, ओडेटला उभं करायची आणि स्वतः उलट्या बादलीवर बसायची. मी कपडे वाळायची वाट बघत तिथेच असायचो.

"हात कोटात घालू नकोस. काहीतरी चोरलंयस असं वाटतं."

"बरं, मिस व्हर्ना."

"मला मिस म्हणू नकोस. मी काय शाळेतली बाई आहे?"

"आमच्याकडे मोठ्या बायांना म्हणतात, मिस व्हर्ना."

"मोठी म्हणजे म्हातारी."

"मोठी म्हणजे मोठी."

व्हर्नानं बादलीवरच जागा बदलली. "माईक तोंडात घालू नकोस. परिषदेच्या टेबलाशी तिसऱ्या खुर्चीवरच्या बाईकडे बघायचं, ती लवकर रडते. अध्यक्षाकडे शेवटी बघायचं. दारूचं नाव काढायचं नाही. कुठल्याही संस्थेला नाव ठेवायचं नाही. आणि 'त्या रात्री या शहरात माझ्यासाठी जागा नव्हती' एवढं म्हणून थांबायचं. मनात तीन श्वास घ्यायचे."

"पण जागा होती ना," ओडेट म्हणाली.

"काय?"

"खाटा होत्या. मी दाराच्या काचेतून बघितल्या. कोपऱ्यात ओळीनं रिकाम्या. चादरी घातलेल्या. मी भांडी घासून नऊला सुटते. दार वाजवलं तर पास्टर काचेपाशी आले, घड्याळाकडे बोट दाखवलं आणि वळून गेले. मी बाटली वर धरून दाखवली, ही तरी आत ठेवा म्हटलं. त्यांना वाटलं दारूची आहे."

ड्रायर थांबला होता. मी उठलो नाही.

व्हर्नाचा चेहरा मी आजही सांगू शकेन. दुःख नव्हतं त्यात. स्वतःचा हरवलेला कोट दुसऱ्या कुणाच्या अंगावर बघून माणूस जसा बघतो, तशी ती बघत होती. कारण व्हर्ना हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातून रात्री सुटायची. तीही त्याच दारापाशी उभी राहिली होती. काचेवर हात ठेवून. आणि मगच ती दुकानामागच्या जाळीकडे गेली. हे तिनं सिग्रिडला पहिल्या वर्षी सांगितलंही होतं. सिग्रिडनं हळूच म्हटलं होतं, 'दार' नको, 'जागा नव्हती' म्हणू या, लाईल आपल्यातलाच आहे. व्हर्ना म्हणाली, बरं. आणि इतक्या वेळा 'जागा नव्हती' म्हणाली, की ती रात्र तिला स्वतःलाच सिग्रिडच्या शब्दांत आठवायला लागली. हे सगळं तिनं मला नंतर सांगितलं, शिव्या घालत घालत.

"सिग्रिड म्हणाली दाराचं बोलू नकोस," ओडेट म्हणाली. "तुम्ही काय म्हणता?"

आणि व्हर्ना म्हणाली, "बोल की."

"बोलू?"

"सिग्रिडला ऑफिसात बसून काय कळतंय. सरळ सांग. पास्टरचं नाव घेऊन सांग. खरं बोललेलं लोकांना आवडतं."

इतकी वर्षं आघाडीत काढलेल्या बाईला खरं बोललेलं कुणाला आवडतं आणि कुणाला नाही, हे चांगलं ठाऊक होतं. पोरगी पास्टरचं नाव घेणार, पास्टर लाल होणार, सिग्रिड पांढरी पडणार. मग पुढच्या वर्षी कुणाला बोलावतील? ओडेट तिचे आभार मानत होती आणि व्हर्ना तिच्या कोटाची कॉलर सारखी करत होती.

मी बाहेर आल्यावर तिला म्हटलं, "अगं, ऊबघर बुडेल."

"नाही बुडत. मी सावरून घेईन," ती म्हणाली. "माझं नाव शेवटी ठेवलंय मी. ती घाण करेल, मी उठेन आणि माझी गोष्ट सांगेन. बघ तू."

म्हणजे सगळं आधीच ठरवून झालं होतं.

सुनावणी दुपारी होती. आम्ही पिवळे मफलर घालून तीन रांगा भरल्या. सभागृहात इतकं गरम, की आमच्यातले दोघं घोरायला लागले. पास्टर लाईल पुढच्या रांगेत सिग्रिडशेजारी, इस्त्रीच्या शर्टात. पास्टर वाईट माणूस नाही हेही लिहून ठेवतो. हिवाळ्यात स्वतःच्या हातानं फुटपाथवरचा बर्फ काढतो. फक्त घड्याळ हा देवाचा अवयव आहे अशी त्याची समजूत.

ओडेटचं नाव पुकारलं. ती गेली, हात कोटाबाहेर, माईक योग्य अंतरावर. हिरवा दिवा. भांडी घासायचं काम सांगितलं, बाटली सांगितली, काख सांगितली. तिसऱ्या खुर्चीवरची बाई अर्ध्या मिनिटात रडायला लागली. हॉलव्हर्सननं पेन खाली ठेवलं. व्हर्ना माझ्या शेजारी बसून मफलरचे धागे उपसत होती.

"अध्यक्षसाहेब, तुम्ही म्हणता खाटा रिकाम्या असतात," ओडेट म्हणाली. "बरोबर आहे. मी मोजल्या नाहीत, पण बघितल्या. दार सातला बंद होतं आणि मी नऊला सुटते. पास्टर लाईल काचेपाशी आले, त्यांनी मला घड्याळ दाखवलं, आणि मी त्यांना माझी—"

लाल दिवा.

"वेळ संपली," टेबलावरची कारकून बाई म्हणाली. "पुढचं नाव, डेल्बर्ट सूम्स."

आता डेल्बर्टनं उठून म्हणायचं होतं, माझी वेळ ओडेटला. त्यानं सिग्रिडकडे बघितलं. सिग्रिडच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. तिनं डोकं नाही म्हणून हलवलं. अगदी थोडं. पास्टर समोर बघत होता आणि त्याचे कान पेटले होते. डेल्बर्ट उठला, खाकरला, "मी पास, मला बोलायचं नाही," म्हणाला आणि बसला. पुढचा पास. त्याच्या पुढची पास. आम्ही सगळे ज्या संस्थांचं सूप पितो आणि ज्यांच्या खाटांवर झोपतो, त्यांची माणसं पुढच्या रांगेत मान वळवून बसली होती. कोण उठणार? ओडेट बाजूला उभी राहून एकेकाकडे बघत होती. ही काय प्रथा आहे ते तिला सांगितलं होतं. तिला वाटत होतं, पुढचा तरी देईल.

"व्हर्ना माकी."

व्हर्ना उठली. तिला हवं होतं तस्सं सगळं झालं होतं. पोरगी बुडाली होती. सिग्रिड तिच्याकडे अशी बघत होती, की वाचव बाई, तूच आता. व्हर्ना लंगडत माईकपाशी गेली. सभागृहात आली की ती जरा जास्तच लंगडायची.

"माझं नाव व्हर्ना माकी," ती म्हणाली. "त्या रात्री वारा सरोवरावरून येत होता."

आवाज लागला होता. सिग्रिडनं श्वास सोडला. हॉलव्हर्सननं व्हर्नाकडे बघून मान हलवली, जुन्या ओळखीच्या माणसाला हलवतात तशी, आणि चष्म्याला हात घातला.

"मी दुकानामागे जाळीपाशी झोपायचे. जाळी गार पडली. त्या रात्री या शहरात—"

आणि व्हर्नाला दिसलं, की हॉलव्हर्सनचे ओठ हलतायत. तिच्याबरोबर. तो तिच्या आधीच 'जागा नव्हती'पर्यंत पोचला होता. चष्मासुद्धा आधीच काढून झाला होता. थट्टा नव्हती त्यात. चर्चमधली प्रार्थना म्हणावी तसा म्हणत होता, आणि दुसऱ्या हातानं कागद उलटत होता.

व्हर्ना थांबली. ही तिची थांबायची जागा नव्हती.

"तुम्हाला पाठ आहे की," ती म्हणाली.

हॉलव्हर्सननं वर बघितलं.

"मग तुम्हाला जे पाठ नाही ते ऐका. ही पोरगी आत्ता जे सांगून गेली ना, ते तिचं नाही. ते माझं आहे. ते माझ्या बाबतीत आधी झालंय."

सिग्रिड अर्धवट उठली.

"बस तू, सिग्रिड. दार तेच, सातची वेळ तीच. मी हॉस्पिटलच्या चादरी धुवून येत होते आणि आत पास्टर हेच होते, केस काळे होते एवढाच फरक. जागा होती. ढीगभर होती. इतकी वर्षं तुम्ही माझ्या बोटांसाठी चष्मा पुसताय. वाऱ्यानं नाही नेली ती बोटं. दारानं नेली. आणि मी दर वर्षी इथे येऊन 'जागा नव्हती' म्हणत राहिले, कारण तसं बोललं की सगळे खूश. आता ही काल आलेली मुलगी पहिल्याच दिवशी माझं सगळं सांगून मोकळी होते, आणि तुम्ही सगळे तिच्याकडे असे बघता! माझ्याकडे कधी बघितलं होतं असं? ती तिसरी बाई माझ्या वेळेस इतक्या लवकर रडत नाही."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. तिसऱ्या खुर्चीवरच्या बाईनं रुमाल खाली घेतला.

दिवा पिवळा झाला. व्हर्नानं त्याच्याकडे बघितलं, मग ओडेटकडे. त्या नजरेत माया शोधू नका. नव्हती.

"उरलेली माझी वेळ तिला," ती म्हणाली. "ये. लवकर ये. आणि तोंडात नको घालूस माईक."

ओडेट आली आणि तिनं एकच वाक्य पुरं केलं. "मी त्यांना माझी बाटली दाखवली, आणि त्यांना वाटलं दारू आहे." लाल दिवा लागला.

तिसऱ्या खुर्चीवरची बाई पुढे वाकून म्हणाली, "पास्टर, दार किती वाजता बंद होतं?" पास्टर उभा राहिला. शिस्तीबद्दल बोलला, पूर्वी झालेल्या मारामारीबद्दल बोलला. "किती वाजता?" बाईनं पुन्हा विचारलं. "सात," तो म्हणाला. आणि ओडेटकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "मला खरंच दारूची वाटली होती," म्हणाला. ती बाई हॉलव्हर्सनकडे वळली. "तुमच्या रिकाम्या खाटांचं उत्तर मिळालं असेल तर मतदान घेऊ या."

एका मतानं ऊबघर वाचलं. हॉलव्हर्सननं विरोधातच मत दिलं, त्याच्या चष्म्यावर जाऊ नका. वर अट घातली गेली, की कामावरून येणाऱ्यांसाठी निवाऱ्याचं दार रात्री उशिरापर्यंत उघडं राहील. जे सिग्रिडनं आघाडीच्या इतक्या बैठकांत तोंडातून काढलं नव्हतं, ते एका जळक्या बाईच्या दोन मिनिटांत झालं. कुणी त्याला धैर्य म्हणालं. मी शेजारीच बसलो होतो. जिला आपली वस्तू दुसरीच्या हातात बघवली नाही अशी बाई होती ती. पण वस्तू खरी होती, आणि दोघींच्या हातात एकच निघाली, म्हणून परिषदेला ती खोटी म्हणता आली नाही.

वर्तमानपत्रात फोटो आला ओडेटचा. मोठा. कडेला एक कान आणि पिवळ्या मफलरचा तुकडा.

"हा माझा कान आहे," व्हर्ना म्हणाली.

"छान आलाय," डेल्बर्ट म्हणाला. "शिळा नाही वाटत."

ओडेटनं ते पान ऊबघराच्या फ्रिजवर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळांचा तक्ता नेमका ओडेटच्या चेहऱ्यावर आला होता, कान तेवढा उघडा. ओडेटनं तक्ता खाली सरकवला. तिसऱ्या दिवशी तो परत वर होता. दोघीही याबद्दल एकमेकींशी अक्षर बोलल्या नाहीत. हे अजून चालू आहे.

वसंतात राज्याच्या राजधानीतून बोलावणं आलं. तिथल्या समितीसमोर आघाडीतर्फे बोलायला ओडेट. सिग्रिड स्वतः सांगायला आली, आणि तिला आता व्हर्नाच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नव्हता.

"तुम्हीही चला ना, मिस व्हर्ना," ओडेट म्हणाली. "मला मिनिटं कमी पडली तर?"

"तिथे मिनिटं देता येत नाहीत. मी विचारलंय," व्हर्ना म्हणाली. "तिथे ज्याची त्याची."

"मग?"

"मग मी माझी घेईन."

निघायच्या दिवशी आम्ही सकाळी गाडीपाशी गेलो तर व्हर्ना पुढच्या सीटवर बसून होती. पट्टा लावलेला. सिग्रिड वळसा घालून आपल्या सीटवर जाऊन बसली. ओडेट मागे माझ्या शेजारी बसली. सरोवर अजून कडेला गोठलेलं होतं. गाडीत गरम हवा चालू होती, तरी ओडेटचा हात कोटाच्या आत काखेत गेला आणि तिथेच राहिला. सवय.

व्हर्नानं वरच्या आरशात ते बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग पुढे वाकून तिनं गरम हवेच्या झडपा एकेक करून मागे वळवल्या.

"इतकं गरम कोण ठेवतं?" ती सिग्रिडला म्हणाली. "माझा चेहरा भाजतोय इथे. आणि तिथे गेल्यावर आधी मी बोलणार. हे लिहून घे."